चाकरी, वतन आणि स्वतःचा धंदा

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या वेळा उच्चारली गेली आहे की तिच्याकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. वकिलाने मात्र तसे पाहावे. साक्षीदार कोण, तो कोणाच्या बाजूचा, आणि त्याने काय सांगावयाचे टाळले, एवढे विचारले म्हणजे ही म्हण जमीनदाराच्या तोंडची आहे हे लगेच ध्यानात येते. ज्याला जमीन नाही त्याला पहिली पायरी बंद, ज्याला भांडवल नाही त्याला दुसरी बंद. उरली ती तिसरी, आणि तिचे नाव कनिष्ठ! ह्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्याच्या हातावाचून गाव एक दिवस चालला नसता तो सुतार, लोहार, कुंभार, मडवळ, वाजंत्री ह्या तिन्ही पायऱ्यांवर कोठेच उभा दिसत नाही. तो शेतकरी नव्हे, व्यापारी नव्हे, आणि नोकर म्हणावे तर त्याला काढून टाकणारा धनीही कोणी नव्हता. मग तो होता तरी कोण?

गावातच काम मिळावे की कामासाठी गाव सोडावा, आणि काम मिळाले तर ते दुसऱ्याचे करावे की स्वतःचे, हा प्रश्न आज आपल्या तरुणांपुढे नव्याने पडला आहे असे आपण समजतो. प्रश्न जुना आहे. त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली, इतकेच. ती उत्तरे पाहावयाची तर प्रथम देवळाच्या आवारात शिरले पाहिजे.

गोव्यातील गावकरीच्या रूढी अफोंसो मेशिया ह्याने १५२६ साली फोरालात नमूद करून घेतल्या. महसूल बिनबोभाट वसूल व्हावा हा त्यातला हेतू. परंतु त्या निमित्ताने आपल्या गावगाड्याचे एक चित्र कागदावर राहून गेले. गावकऱ्यांनी गावाच्या सेवकांना साऱ्यावाचून जमीन तोडून द्यावी, अशी मुभा त्यात आहे, आणि ते सेवक कोण ते सांगताना परीट, चांभार, सुतार, लोहार ह्यांच्याच ओळीत देवळाचे सेवक आणि देवळापुढे नाचणाऱ्या स्त्रिया ह्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे नांगर दुरुस्त करणारा आणि देवापुढे चौघडा वाजवणारा, दोघांनाही गावाने एकाच मापाने मोजले होते. काम हे एखाद्या घराचे नव्हते, गावाचे होते. मोबदला पैशात नव्हता. जमिनीच्या तुकड्यात आणि धान्याच्या वाट्यात होता. घाटावर ह्यालाच बलुते म्हणत. त्या व्यवस्थेत ‘काम शोधणे’ हा शब्दप्रयोगच कोणाला समजला नसता, कारण काम पाळण्यातच ठरत असे.

ह्या निश्चिंतीचे गोडवे गाण्याची आपल्याकडे एक चाल पडली आहे. ती मला मान्य नाही. वाजंत्र्याच्या मुलाला वाजवायचे नसेल तर त्याने काय करावे, ह्याला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. आणि देवळापुढे नाचणाऱ्या स्त्रीच्या मुलीला तर प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. पोटाची हमी होती, निवड नव्हती. तथापि, तिच्यात एक गुण होता तो नाकारता येत नाही: कारागीर कोणा एका घरावर अवलंबून नव्हता. एक घर रुसले म्हणून त्याची चूल विझत नसे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टीतील देवळे पडली आणि दैवते नदीपार अंत्रुजात आली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला तो १५६० साली, अशी परंपरा आहे. आपण ह्या स्थलांतराची कथा भक्तीची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्याबरोबर एक पोटापाण्याची कथाही नदी उतरून आली. जेथे देव तेथे पूजा, जेथे पूजा तेथे फुले, दिवे, वाद्ये, भांडी, रथ. आणि जेथे हे सारे तेथे ते करणारे हात. अंत्रुजातील कित्येक वाडे देवळाभोवती उभे राहिले ते असे. स्थानिक काम म्हणजे वाडवडिलांच्या मातीतले काम, अशी जर आपली समजूत असेल तर ती ह्या इतिहासापुढे टिकत नाही. मूळ गावाच्या बाहेर, नव्या जागी, नवे ‘स्थानिक’ तयार होऊ शकते.

पुढे १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी नियम केले, आणि महाजन व सेवेकरी ह्यांचे नाते रूढीतून उठून कायद्याच्या कलमात बसले. रूढीने मिळालेला हक्क लेखी झाला की तो पक्का होतो असे सामान्य माणसाला वाटते. वकिलाला ठाऊक असते की लेखी झालेला हक्क मोजता येतो, आणि मोजता येतो म्हणून कमीही करता येतो. बेळगावकडे तर हा व्यवहार सरळच मिटला. बेळगाव मुंबई राज्यात असतानाच, १९५३ साली, गावाच्या उपयोगी पडणाऱ्या सेवा-इनामांचा त्या राज्याने कायद्याने शेवट केला. सुतार-लोहारांच्या जमिनी आता सेवेच्या बंधनातून सुटल्या. त्यांना मोकळीक मिळाली, आणि त्याच दिवशी त्यांना गिऱ्हाईक शोधण्याची पाळीही आली.

गोव्याच्या हिंदूंची अडचण आणखी निराळी होती. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तोपर्यंत सरकारी नोकरीची दारे त्यांना जवळजवळ बंदच होती. दुभाषी, वकील, मक्तेदार अशा वाटांनी काही घराणी दरबारात वावरली. पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोर्तुगीजांच्या हिंदू मुत्सद्द्यांची ही हकीकत सविस्तर आली आहे. पण मुत्सद्दी थोडे आणि पोटे पुष्कळ. बाकीच्यांना दुकान, सावकारी, वैद्यकी किंवा मुंबईची बोट. आपल्या समाजात दुकानदारीची जी पिढीजात हुशारी दिसते ती रक्तातून आली नाही. बऱ्याच अंशी ती बंद दारातून आली, असे माझे मत आहे. मुंबईस गेलेल्यांपैकी बहुतेकांनी मात्र नोकरीच धरली, आणि तेथे त्यांना एकमेकांचा आधार लागला. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन ही त्याच गरजेची साक्ष.

आता उलट दिशेने, म्हणजे मुंबईची नोकरी सोडून आपल्या मुलखात परत आलेल्या एका माणसाकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव माहीत नाही असा मराठी वाचक नसेल. पण त्यांची गोष्ट ज्या रीतीने सांगितली जाते ती रीत तरुणांच्या हिताची नाही. मानी माणूस, अन्याय झाला, राजीनामा फेकला, कारखाना काढला, संपले! प्रत्यक्षात घडले ते ह्याहून सावकाश आणि म्हणूनच अधिक शिकण्याजोगे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी असे आढळून आले की त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. चित्रकाराला ह्याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेघ धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्याला रंगांचे ज्ञान लागत नाही. त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या नव्याने निघालेल्या संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. आपल्याला काय येत नाही हे त्यांना लवकर कळले, आणि त्यावरून आपल्याला काय येते हे त्यांनी शोधले. धंद्याला आपण योग्य आहो की नाही हे ठरवू पाहणाऱ्याने ह्या दोन वर्षांचा विचार करावा. कारखान्याचा नंतर करावा.

किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची सुरुवात १८८८ सालची धरतात, आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातील सायकलींचे दुकान. येथे एक बारकावा सहसा सुटतो. लक्ष्मणराव त्या वेळी मुंबईस नोकरीत होते. ते तेथून सायकली घेऊन धाडीत, आणि बेळगावात त्यांचे वडील बंधू रामूअण्णा त्या विकीत व लोकांना चालवावयास शिकवीत. नोकरी आणि धंदा ही दोन्ही चाके काही वर्षे एकाच वेळी फिरत होती. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, आणि त्यांनी मुंबई सोडली. अपमान झाला हे खरे. परंतु त्या दिवशी बेळगावात दुकानाची पाटी लागलेली होती, गिऱ्हाईक येत होते, आणि भाऊ वाट पाहत होता. राजीनाम्याला धैर्य लागते ते ह्या तीन गोष्टी नसताना. त्या असताना तो हिशेब असतो. लक्ष्मणरावांचे मोठेपण ह्याने तसूभरही कमी होत नाही. उलट ते अधिक समजते.

बेळगावात सायकलींच्या जोडीला दुरुस्तीचे काम, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि मग लोखंडी नांगर. हा नांगर तयार झाला आणि पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. ह्या दोन वर्षांवर कोणी निबंध लिहीत नाही. माल उत्तम, किंमत वाजवी, आणि दारात कोणी नाही! शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने पाहिले तर एका हंगामावर त्याचे वर्ष, आणि प्रयोग फसला तर भरपाई देणारा कोणी नाही. तो सावध होता, कारण तो स्वतःच स्वतःचा धनी होता. नांगर हेच किर्लोस्करांचे एकुलते एक काम असते तर दुकानास टाळे लागले असते हे उघड आहे.

इतके निभावल्यावर नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा मागितली. जम बसलेला कारखाना उचलावा लागला. ज्या शहराने पुढे आपल्या एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव दिले, त्याच शहराने त्यांना जागा दिली नाही, ही विसंगती बेळगावकरांनी खिलाडूपणाने मान्य करावी. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना आपल्या संस्थानात एका बांधकामाचे काम दिले, कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग आणि साप ह्यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मंगेशाच्या मागून नदी उतरलेल्या सेवेकऱ्यांची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. जेथे जागा, आश्रय आणि वाहतूक मिळाली तेथे ‘आपले गाव’ नव्याने वसले. फरक इतकाच की ह्या खेपेस राऊळ नव्हते, ओतशाळा होती. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले तेव्हा त्या माळावर एक संबंध गाव नांदत होता.

भाऊ, संस्थानिक, रेल्वे स्टेशन हे सर्व जमेस धरले की ‘स्वावलंबी उद्योजक’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. एकट्याच्या धंद्यात एकटा मनुष्य क्वचितच असतो. आणि कायद्याची गाठ पडते ती येथेच.

एकत्र कुटुंबातील मनुष्य जे मिळवतो ते कोणाचे? जुन्या हिंदू कायद्यात ह्याचे उत्तर, शिक्षणाचा खर्च कोणी केला ह्यावर अवलंबून असे. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गोकळचंद विरुद्ध हुकमचंद हा दावा आला. कुटुंबाच्या पैशाने शिकून सनदी नोकरीत गेलेल्या मुलाची मिळकत ही कुटुंबाचीच, असा निकाल झाला. म्हणजे वडिलांनी शिकवले म्हणून आयुष्यभराच्या पगारात चुलत्यांचाही वाटा! शिकलेल्या माणसाला हा निकाल असह्य वाटला यात नवल नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी पुढाकार घेतला आणि १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. विद्येच्या बळावर मिळवलेले धन मिळवणाऱ्याचेच, असे त्याने ठरवले. पण ह्या कायद्याचे संरक्षण विद्येला आहे, दुकानाला नाही. वडिलांच्या गल्ल्यातून भांडवल घेऊन उघडलेले दुकान कोणाचे, हा वाद मिटलेला नाही, आणि त्यावर आजही वकिलांची घरे चालतात. किर्लोस्कर बंधूंचे १९२० साली मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत रूपांतर झाले, त्याचा एक फायदा असा की घर कोणाचे आणि कारखाना कोणाचा ह्याची रेघ कागदावर स्पष्ट झाली.

गोव्यात ही गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा आपल्याकडे चालत आला आहे, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, निम्मी निम्मी. धंद्यासाठी घर किंवा बागायत विकावयाची तर पत्नीची संमती लागते. पुष्कळ उत्साही तरुणांना ही अडचण वाटते. मला ती सोय वाटते. ज्या धंद्याची कल्पना घरच्या अर्ध्या मालकिणीला पटवून देता येत नाही, ती बाजाराला पटण्याचा संभव कमी.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ: नोकर कोण आणि धनी कोण? धांगध्रा येथील मिठागरांत काम करणारे आगरी स्वतःची माणसे लावून मीठ पिकवीत, आणि त्यांना मिठाच्या वजनावर पैसे मिळत. ते स्वतंत्र मक्तेदार आहेत असे मालकाचे म्हणणे. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कामगारच ठरवले, कारण कामाच्या रीतीवर ताबा मालकाचा होता. १९७३ साली तेलंगण भागातील एका शिवणकामाच्या दुकानाचा निकाल ह्याहून मनोरंजक आहे. शिंपी नगावर पैसे घेत, येण्याजाण्याची वेळ ठरलेली नसे, दुसऱ्या दुकानाचेही काम करीत. वरवर पाहता कोणाचे नोकर नव्हेत. पण यंत्रे दुकानदाराची, आणि शिवण पसंत पडली नाही तर कपडा परत करण्याचा अधिकार त्याचा. न्यायालयाने त्यांना नोकर मानले, आणि त्यामुळे कायद्याचे संरक्षण त्यांच्या वाट्याला आले.

ह्याच्या उलट प्रकार आपण गोव्यात पाहिला. खाणींच्या भरभराटीत गावोगावच्या माणसांनी कर्ज काढून ट्रक घेतले, कोणी बार्जमध्ये पैसा घातला. हत्यार स्वतःचे, कर्ज स्वतःचे, चालकाचा पगार स्वतः द्यावयाचा. कोणत्याही कसोटीने हे स्वतंत्र धंदेवाईक. पण गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे खाण. २०१२ साली खनिजाची वाहतूक बंद पडली. २०१४ च्या निकालानंतर थोडी आशा आली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि ट्रक पुन्हा अंगणात उभे राहिले. निकाल कायद्याने बरोबर होते असेच माझे मत आहे. पण ज्याला आपण धनी समजत होतो तो नोकराहून पराधीन निघाला, कारण नोकराला निदान नोटीस मिळते. अनेक घरांचे काम करणाऱ्या जुन्या बलुतेदाराचा जो गुण मी वर लक्षात ठेवावयास सांगितला, तो येथे नेमका हरवला होता.

म्हणून सल्ला विचारावयास आलेल्या तरुणाला मी त्याची हौस विचारीत नाही. गिऱ्हाईके किती घरची, आणि त्यांतले सर्वांत मोठे उद्या तुटले तर काय, हे विचारतो. दोन वर्षे नांगर विकला गेला नाही तर घरात काय शिजेल, हे विचारतो. स्वभावाचा प्रश्न त्यानंतरचा. महिन्याच्या एक तारखेवाचून झोप न येणारी माणसे असतात. त्यात कमीपणा नाही, आणि त्यांनी चांगली नोकरी धरावी. मध्यममार्गही आहेत. मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी १९५९ साली ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्या ‘लिज्जत’मध्ये लाटणारी भगिनी नोकरही नाही आणि एकटी मालकीणही नाही, ती सभासद आहे. घरची चूल न सोडता, भांडवलावाचून आणि गाव न बदलता काम मिळवण्याचा ह्याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. आपल्या देवस्थानांच्या आश्रयाने असे काही का होऊ नये, हे मला कळलेले नाही.

देवस्थानांचा विषय निघाला म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या जत्रा हा गोव्यातील सर्वांत जुना खुला बाजार. खाजेकार, फुलकार, बांगडीवाले, खेळणीवाले कार्तिकापासून शिमग्यापर्यंत एका जत्रेहून दुसरीकडे जातात, आणि त्यांचे वर्ष पंचांगावर चालते. ज्याची गिऱ्हाईके एका गावात बांधलेली नाहीत असा हा खरा स्वतंत्र धंदा. परंतु ज्या वडाखाली आजोबा बसला त्याच जागी नातू बसतो, आणि त्याच्या हाती कागद कसलाच नसतो. कायद्याच्या दृष्टीने त्याला बहुधा तात्पुरता परवाना असतो, भाडेपट्टा नव्हे. पावती नसली तर तोही सिद्ध करता येत नाही. जागांचा लिलाव करावा की जुन्या बसणाऱ्यांना अग्रहक्क द्यावा, ह्यावर महाजनांत मतभेद असतात आणि ते असणारच. पण घेतलेल्या पैशाची पावती, तीवर जागेचा क्रमांक, जत्रेच्या तारखा आणि बसणाऱ्याचे नाव, एवढे देण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. बँकेत कर्ज मागावयास गेलेल्या खाजेकाराला दहा वर्षांच्या अशा पावत्या दाखवता आल्या तर तो काय धंदा करतो हे त्याला तोंडाने समजावून सांगावे लागणार नाही.